नसलेला पाय

तुम्ही कधी नसलेला पाय दाबून दिला आहे का?

हसू नका. अंजनाबाई रोज दिवेलागणीला दाबून देत असत. मुलचेऱ्याच्या रस्त्याला, सागाच्या रानाला लागून एक लहानसा धर्मादाय दवाखाना होता. साल पंच्याऐंशी असावं. कवेलूंचं छप्पर, पुरुषांची एक लांब खोली, बायकांची एक, मधे व्हरांडा. ज्यांना बरं व्हायला फार दिवस लागतात, किंवा जे बरे होणारच नाहीत, अशी माणसं तिथे राहत. अंजनाबाई तिथल्या नर्सबाई. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दवाखाना हेच घर. त्यांचे वडील वामनराव छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्याच आठवड्यात देव्हारा रिकामा करून मोकळे झाले. "आजपासून आपल्या घरात भूत नाई, भानामती नाई," असं त्यांनी पोरीला सांगितलं होतं. तेव्हा अंजनाबाई भित्र्या नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते.

तो पाय वारलूचा. वारलू एटापल्लीकडचा गोंड माणूस, उंच, हाडापेरानं मोठा. लाकूडतोडीत सागाचा ओंडका घरंगळत अंगावर आला. पाठ दुखावली आणि डावा पाय मांडीपासून गेला. पाय दूरच्या मोठ्या दवाखान्यात कापला, मग उरलेला वारलू इथे आणून सोडला. मागे कोणी नव्हतं. पाठीसाठी त्याला फळ्यांचा पलंग दिला होता. लोखंडी सांगाडा, वर गादीऐवजी सागाच्या फळ्या. असा पलंग दवाखान्यात एकच.

गेलेला पायच वारलूला दुखायचा.

"बाई," तो कपाळाचा घाम पुसत म्हणायचा, "करंगळी अंगठ्यावर चढून बसली जी. उतरवून द्या न."

आता करंगळी कधी अंगठ्यावर चढते का? मधे तीन बोटं आहेत. आणि इथे तर बोटंच नव्हती, पायच नव्हता, होती ती चादरीवरची सपाट जागा. पण माणूस गुरासारखा हंबरायचा. एकदा अंजनाबाईंना काही सुचेना, म्हणून त्यांनी त्या रिकाम्या जागी हात नेले. पाय असता तर पाऊल जिथे आलं असतं तिथे, पलंगाच्या अगदी टोकाला. हवेतच त्यांनी करंगळी उचलल्यासारखी केली, सरळ ठेवली, तळवा चोळला. वारलूनं लांब श्वास सोडला.

"हां... तिथीच."

तेव्हापासून रोजचं झालं.

त्याच हिवाळ्यात नागपूरहून डॉक्टर खानझोडे आले. तरुण, मऊ बोलणारे. त्यांना दुखण्याचा अभ्यास करायचा होता. दुखणं कोणाला किती, ते कशानं वाढतं, कशानं कमी होतं. अडाणी माणसाला विचारलं "किती दुखतं?" तर तो म्हणणार "लय". म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येक खाटेशी एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी आणि चिंचोक्यांची एक पिशवी. संध्याकाळी ज्याचं त्यानं आपल्या दुखण्याइतके चिंचोके वाटीत टाकायचे. दुखत नसेल तर वाटी रिकामी.

बायकांच्या खोलीत या खेळाची फार गंमत झाली. गिरजाबाई म्हणून एक म्हातारी होती, कंबर मोडलेली.

"डाक्टर, मले दोन वाट्या पायजे," ती म्हणाली.

"का हो, आजी?"

"एक कंबरेची, एक सुनेची. सुनेच्या वाटीले मोठं भगुनं आना, चिंचोके मावनार नाई!"

सगळ्या हसल्या. डॉक्टरही हसले. पण वारलूची वाटी रोज भरून वाहायची, तेव्हा कोणी हसत नसे. अंजनाबाई हवा दाबून देतात हे डॉक्टरांनी पाहिलं आणि उलट त्यांना सांगितलं, "चालू ठेवा, बाई. पाय जातो, पण त्याचं दुखणं मागे राहतं. त्याला राहायला जागा लागते, एवढंच."

ते मेंदूबद्दल बोलत होते. अंजनाबाईंनाही ते समजलं. पण ते शब्द त्यांच्या मनात राहून गेले.

वारलू गेला तो एका दुपारी. मोहाची फुलं गळायला लागली होती, सगळ्या आवारात तो गोड, आंबूस, डोकं जड करणारा वास भरला होता. तापानं वारलू आधीच थकला होता. अंजनाबाई त्याचा नसलेला पाय दाबत होत्या.

"सोडू नका जी..." तो म्हणाला. "सोडू नका..."

त्यांनी सोडला नाही. तो कधी गेला तेही त्यांना कळलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली, तेव्हा त्याचे डोळे आढ्याला लागलेले होते आणि त्यांचे हात अजून हवेतच होते.

प्रेताचं बघायला शकुबाई आली. शकुबाई दवाखान्यातली आया, चिमूरकडची, अशा कामात तरबेज. तिनं डोळे मिटवले, हनुवटी बांधली आणि मग सुतळीचा तुकडा हातात घेऊन उभीच राहिली.

आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या दोन्ही पायांचे अंगठे एकमेकांना बांधतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. का बांधतात, विचारा. कोणी म्हणतं पाय फाकू नयेत म्हणून. म्हातारी माणसं म्हणतात, मोकळे ठेवले तर चालू लागतात.

"एकच अंगठा हाये," शकुबाई म्हणाली. "कायले बांधू बाई?"

"राहू दे न मग."

"असं कसं राहू देऊ? अंगठा बांधल्याबिगर मुर्दा उचलत नाई जी."

अंजनाबाईंचे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "मग बांध कुठीतरी."

शकुबाईनं सुतळीचं एक टोक वारलूच्या उजव्या अंगठ्याला बांधलं. दुसरं टोक, जिथे डावं पाऊल आलं असतं तिथे पलंगाच्या लोखंडी सळीला बांधलं. तिच्या गाठी मोठ्या घट्ट, दुहेरी, मधे एक फासा असलेल्या. मग न्यायच्या वेळी माणसं घाई करू लागली तेव्हा तिनं अंगठ्याजवळ सुतळी कापून टाकली. वारलूला नाल्याकाठी मोहाच्या झाडाखाली पुरलं. सळीवरची गाठ तशीच राहिली. कोणाच्या ध्यानात आली नाही.

पलंग धुऊन बायकांच्या खोलीत भिंतीशी लावून ठेवला. सवयीनं कोणी त्याच्याशी वाटी आणि पिशवीही ठेवली असावी. दोनचार दिवसांनी अंजनाबाई वाट्या गोळा करत होत्या, तर त्या रिकाम्या पलंगाची वाटी चिंचोक्यांनी भरलेली.

"ही कोनाची मस्करी?" त्यांनी दटावलं.

"मी तं खाटेवरून उतरू शकत नाई, मले काऊन पाहता?" गिरजाबाई म्हणाली. "उंदीर आनत असन."

वाटी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरलेली होती. एकावर एक, शीग लावून. उंदीर काही शीग लावत नाहीत. पण अंजनाबाईंनी ते मनावर घेतलं नाही. वामनरावांची पोर ना त्या.

मग शमीम आली.

शमीम सिंदेवाहीची. बाप गफ्फारभाई बाजारात बांगड्या विकायचा. पोरगी लग्नाची, निकाह ठरलेला. छपरावर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला चढली, कवेलू फुटलं आणि खाली पाठीवर पडली. कमरेखाली काही कळेना. पाठीसाठी तिला फळ्यांचाच पलंग लागणार होता. एकच पलंग होता, तो दिला.

आई शमसुन्निसा रात्रंदिवस तिच्या उशाशी. डॉक्टर रोज टाचणी घेऊन पावलांना टोचायचे. "कळतं?" शमीम डोळे मिटून म्हणायची, "नाई." गुडघ्याला. "नाई." मग ती तोंड भिंतीकडे करायची. निकाह ठरलेल्या घरून अजून कोणी भेटायला आलं नव्हतं.

"बाई," ती एकदा अंजनाबाईंना म्हणाली, "इथी सगळ्याले दुखते. माझीच वाटी रिकामी. मी काय टाकू? माझे पाय मेले न."

अंजनाबाईंनी तिचे केस विंचरून दिले.

आठवडाही झाला नसेल. दिवेलागणीची वेळ, वीज गेलेली, कंदील लावायचे होते. एकाएकी शमीम ओरडली. ओरडणं भीतीचं नव्हतं, आश्चर्याचं होतं.

"अम्मी! दुखून राह्यलं! डावा पाय... अम्मी, पायात दुखून राह्यलं!"

शमसुन्निसा आधी रडली, मग हसली, मग तिनं तिथेच जमिनीवर कपाळ टेकलं. शमीमनं पिशवी उलटी करून सगळे चिंचोके वाटीत ओतले. वाटी भरून ते फळ्यांवरून टपटप खाली पडले. गिरजाबाई सुद्धा डोळे पुसू लागली. सकाळी गफ्फारभाई खजुराचं पुडकं घेऊन आला आणि त्यानं साऱ्या दवाखान्याला खजूर वाटले. डॉक्टर धावत आले, टाचणी टोचली.

"कळतं?"

"नाई... पर दुखते, डाक्टरसाब. खरंच दुखते."

डॉक्टर जरा गोंधळले. पण तेही आनंदात होते. "दुखणं म्हणजे वाट उघडली," ते म्हणाले. "हे मला नागपूरला मोठ्या डॉक्टरांना विचारलं पाहिजे." दुपारच्या बसनं ते गेले.

त्या संध्याकाळी अंजनाबाई शमीमजवळ बसल्या होत्या. दुखणं वाढलं होतं. पोरीच्या ओठावर घामाचे थेंब होते.

"कसं दुखते ग? सांग मले."

"कसं सांगू..." शमीम दात आवळून म्हणाली. "करंगळी... अंगठ्यावर चढून बसली असं वाटते. बाई, उतरवून द्या न."

अंजनाबाईंनी कंदील जवळ आणला. त्यांनी चादर वर केली. गोरी, मेंदी फिकी झालेली पावलं. पाची बोटं ओळीत, सरळ. करंगळी आपल्या जागी. त्यांनी ती धरली, चोळली.

"नाई... तिथी नाई."

त्यांनी अंगठा दाबला, टाच दाबली.

"नाई, बाई. थोडी खाली..."

खाली म्हणजे कुठे? शमीम ठेंगणी. तिची पावलं पलंगाच्या टोकापासून हातभर वरच संपत होती. पुढे नुसत्या फळ्या. अंजनाबाईंनी हात हळूहळू पुढे नेले. पावलांच्या पलीकडे, रिकाम्या जागेवरून, पलंगाच्या अगदी टोकापर्यंत. वारलूचं पाऊल असायचं तिथपर्यंत. आणि हवेतली करंगळी उचलून सरळ ठेवली.

शमीमनं लांब श्वास सोडला.

"हां... तिथीच."

खोलीत मोहाचा वास दाटला होता. अंजनाबाईंना हात मागे घ्यावेसे वाटले, पण घेता आले नाहीत. हवा तिथे गार नव्हती. कढत होती, ताप भरलेल्या अंगासारखी.

त्यानंतरचे दिवस सांगताना मनाला कसंसंच होतं. दुखणं वाढतच गेलं. गोळी चालेना, इंजेक्शन चालेना. शमीम ओढणीचा बोळा तोंडात धरून पडायची. अन्न सुटलं. डोळे खोल गेले. आणि तरी ती म्हणायची, "दुखू द्या. दुखते तं पाय हायेत असं वाटते." आईही तेच म्हणायची. "सह ले बेटा, पाय येऊन राह्यला तुझा." अंजनाबाई काय सांगणार होत्या? की पोरी, हा पाय तुझा नाही? त्या मायलेकींच्या हातात तेवढी एकच गोष्ट होती, ती कशी काढून घ्यायची? रोज संध्याकाळी त्या पलंगाच्या टोकाशी बसत आणि हवा दाबत. त्यानं घडीभर आराम पडे. हात उचलला की पुन्हा ओरडणं.

शेवटी एका दुपारी शकुबाई फरशी पुसत पलंगाखाली वाकली आणि तशीच थांबली.

"बाई... इकडं पाहा."

सळीवर सुतळीची गाठ होती. तिची गाठ, फासा असलेली. आणि कापलेलं टोक लोंबत नव्हतं. ते ताणून उभं होतं, फळ्यांच्या बाजूला, जसं पलीकडे काही बांधलेलं आहे.

"म्या त्याले पलंगाले बांधून ठेवलं न," शकुबाई पुटपुटली. "मुर्दा गेला, त्याचा पाय इथीच रायला... म्या बांधला." ती गाठीला हात लावायला तयार होईना. "तुमीच सोडवा, बाई. मी नाई." अर्ध्या तासात बोचकं बांधून ती चिमूरच्या बसला गेली. जाताना तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

अंजनाबाई गाठीकडे पाहत उभ्या राहिल्या. मग शमीमजवळ बसल्या आणि जे होतं ते सगळं तिला सांगितलं. वारलूचं, सुतळीचं, सगळं. शमसुन्निसानं कानांवर हात ठेवले. शमीम मात्र ऐकत राहिली.

"सोडवलं तं दुखणं जाईन?"

"मले वाटते जाईन."

"आन पाय?"

अंजनाबाईंनी तिच्या पावलांवरची चादर सारखी केली.

शमीम आढ्याकडे पाहत राहिली. मग दुखण्याचा झटका आला. तिचं अंग धनुष्यासारखं वाकलं, फळ्या करकरल्या. ओढणीचा बोळा फाटला. झटका ओसरला तेव्हा तिला आवाजही उरला नव्हता.

"बाई, मी काय म्हणू... तुमीच सांगा मी काय म्हणू..."

शमसुन्निसानं लेकीचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि तोंड फिरवलं. अंजनाबाई खाली बसल्या. गाठ लोखंडासारखी झाली होती. नखं तुटली. शेवटी फासा सैल झाला आणि सुतळी त्यांच्या हातात आली. क्षणभर ती ओढली गेली, जसं जनावर हातातून दोरी ओढतं. मग मऊ पडली.

शमीमचा चेहरा सैल झाला. ती लगेच झोपली, कितीतरी दिवसांनी.

दिवस मावळत होता. अंजनाबाई कंदील घेऊन नाल्याकडे निघाल्या. मोहाची फुलं पायाखाली पिचत होती. सागाचा पाचोळा वाजत होता. त्यांच्या पावलांचा आवाज होता आणि त्यामागे आणखी एक होता. सर... मग थांबणं. सर... मग थांबणं. एकाच पायाचा. त्यांनी वळून पाहिलं नाही. मोहाखाली बसून त्यांनी हातांनी ओली लाल माती उकरली, सुतळी तिच्यात ठेवली, माती लोटून थापली.

"वारलूभाऊ," त्या म्हणाल्या, "घ्या तुमचं. आता झोपा जी."

मग त्यांनी लहानपणापासून पाठ असलेलं त्रिशरण म्हटलं. परत येताना मागे काही वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं डॉक्टर खानझोडे आले. शमीम जागी होती, शांत होती. वाटी रिकामी होती. डॉक्टरांनी चादर जराशी उचलून टाचेला टाचणी टोचली; तिला काही कळलं नाही. पुन्हा टोचली, पुन्हा काही नाही. शमसुन्निसा हुंदका देऊन रडली आणि अंजनाबाईंकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. रात्रभर ती लेकीचे पाय मांडीवर घेऊन बसली होती, पापणीही लवली नव्हती, असं ती म्हणाली. मग डॉक्टरांनी दुसरं पाऊल तपासायला चादर पुरती बाजूला केली आणि थांबले.

शमीमच्या दोन्ही पायांचे अंगठे सुतळीनं एकमेकांना बांधलेले होते. गाठ दुहेरी होती, मधे फासा असलेली. सुतळी ओली होती, तिला लाल माती लागलेली होती.

"काय झालं, बाई?" शमीमनं विचारलं. "काय पाहून राह्यले सगळे?"